गाळलेल्या जागा

दोस्तांनो, इंग्रजीच्या नावाखाली आपल्या पोरांना सहावी-सातवी-आठवीत नेमकं काय दिलं जातं, त्याचा हिशेब एकदा चव्हाट्यावर मांडला पाहिजे. हिशेब फार अवघड नाही. शाळेत भाषा तीन रूपांनी येते. एक, पुस्तक, म्हणजे गोष्ट, कादंबरी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. दोन, लेखन, म्हणजे पोराला स्वतःला जे म्हणायचंय ते. तीन, व्याकरण. या तिन्हीतलं पहिलं आणि दुसरं वरच्या आळीत अडकून पडतं. आपल्या पदरात येतं ते तिसरं. सुगीला धान्य मालकाच्या कणगीत जायचं आणि खळ्याच्या कडेचं मातेरं म्हारवाड्याच्या पदरात पडायचं, तसं. गावगाडा मोडला म्हणतात. मोडला नाही. तो शाळेच्या वेळापत्रकात जाऊन बसलाय, रोज पस्तीस-चाळीस मिनिटांचा तास घेतो.

मी नगरच्या एका वस्तीत संध्याकाळी अभ्यासिका चालवतो. यंदा सहावी ते आठवीच्या पोरांच्या इंग्रजीच्या वह्या ओळीनं वाचून काढल्या. पुस्तकं, गाईडं, चाचणीचे पेपर, सगळं. शाळांची नावं घेत नाही, कारण हे एका शाळेचं पाप नाही. आणि मास्तरांना झोडपून टाळ्या घ्यायचा धंदाही मला करायचा नाही. जनगणना, निवडणूक, पोषण आहार आणि ऑनलाइन माहिती भरून जो मास्तर वर्गात येतो, त्याच्या हातात खडू देणारा हात कुणाचा, ते आधी बघा.

व्याकरणापासून सुरू करतो, कारण वह्या त्यानंच भरल्यात. गाळलेल्या जागा भरा. कंसातल्या क्रियापदाचं योग्य रूप लिहा. ए, ॲन, द घाला. सूचनेप्रमाणे बदल करा. पानंच्या पानं. 'सूचनेप्रमाणे बदल करा'! दोन हजार वर्षं आपल्या बापजाद्यांना दुसरं काय सांगितलं होतं? वाक्य दुसऱ्याचं, सूचना दुसऱ्याची, तू फक्त हात चालव.

हे इंग्रजी व्याकरण बव्हंशी ज्या जाड पुस्तकातून पाझरत आलं, ते रेन आणि मार्टिन यांचं. १९३० च्या दशकातलं. यातला पी. सी. रेन हा ब्रिटिश सरकारच्या शिक्षणखात्यातला साहेब, मुंबई इलाख्यात नोकरी केलेला. आणि हाच रेन कादंबरीकार होता! १९२४ ची 'बो जेस्ट' त्याचीच. वाळवंटातल्या परदेशी फौजेत भरती झालेल्या तीन भावांची गोष्ट. तिच्यावर सिनेमे निघाले. म्हणजे बघा, एकाच माणसाच्या एका हातात कादंबरी होती, दुसऱ्या हातात नियम. कादंबरी साहेबांनी आणि साहेबांच्या पोरांनी वाचली. नियम तेवढे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या बोडक्यावर आदळत राहिले. मला त्या कादंबरीचा पुळका नाही, साम्राज्याच्या ऐटीतलीच ती. पण वाटणी कशी झाली ते ध्यानात घ्या.

आता 'चेंज द व्हॉइस' घ्या. राम किल्ड रावण. उलटं करा. रावण वॉज किल्ड बाय राम. पोरं घडाघडा करतात. पुढचा नियम असा की कर्ता 'समवन' किंवा 'पीपल' असेल तर 'बाय' लिहायची गरज नाही, कर्ता गाळला तरी चालतं. गाळला तरी मार्क पूर्ण.

हा नियम आपल्या जिल्ह्याला फार चांगला ठाऊक आहे. २८ एप्रिल २०१४. जामखेड तालुक्यातलं खर्डा. शाळेत शिकणारं सतरा वर्षांचं आपलं पोरगं शाळेच्या आवारातून नेलं गेलं, मारलं गेलं, झाडाला लटकलेलं आढळलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सोडले गेले. साक्षीदार फिरले होते. नेलं गेलं, मारलं गेलं, सोडले गेले. सगळी वाक्यं शुद्ध. एकाही वाक्यात कर्ता नाही. मग मारलं कुणी? व्याकरण म्हणतं, गरज नाही. आणि पेपरात आपण कायम 'ए'. 'एका दलित तरुणाचा'. 'द' आपल्याला कधी लागत नाही, कारण 'द' ओळखीच्या माणसाला लागतो.

व्याकरण वाईट, असं मी म्हणत नाही. नीट ऐका. व्याकरण हे हत्यार आहे. कर्ता कुठाय, कर्म कोण, क्रिया कुणी केली, कुणावर केली, हे शोधायची ताकद ज्या पोरात आली, त्याला पोलीस ठाण्यातली फिर्याद वाचता येईल, कोर्टाचा निकाल वाचता येईल, मंत्र्याचं निवेदन उघडं पाडता येईल. सातवीतली पोरगी 'बाय हूम?' असा सवाल करायला शिकली तर अर्धी ॲट्रॉसिटी तिथंच समजली. पण आपल्याला शिकवतात ते कर्ता गाळायचं व्याकरण. शोधायचं नाही.

आता लेखन. आपलं पोर इंग्रजीत आयुष्यातलं पहिलं स्वतंत्र लेखन कोणतं करतं? रजेचा अर्ज! 'ॲज आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर.' ताप नसला तरी फीवर, कारण गाईडात फीवरच आहे. आणि खाली 'युवर्स ओबीडियंटली'. आपला आजा वेशीत उभा राहून कमरेत वाकून 'जोहार मायबाप' घालत होता. नातू कागदावर वाकतो. भाषा बदलली, कणा तोच ठेवायचा त्यांचा डाव.

निबंध बघा. 'माय फॅमिली'. वहीत स्वच्छ अक्षर. 'माय फादर इज अ डॉक्टर. माय मदर इज अ टीचर. वी लिव्ह इन अ बिग हाउस.' बाप हमाल, आई धुणीभांडी करते, घर दहा बाय दहा. पोरीनं गाईडातनं उतरवलं. बरोबरची खूण, छान असा शेरा. म्हणजे स्वतःचे आईबाप पुसून टाकले की छान. बाबूराव बागुलांच्या १९६३ च्या पुस्तकाच्या नावात जात चोरली होती. इथं शाळाच पोरीकडून आईबाप चोरवून घेते.

त्याच गठ्ठ्यात एका ऊसतोड्याच्या पोरीची वही होती. तिनं गाईड पाहिलेलं नसावं. तिनं लिहिलं होतं: 'माय मदर अँड फादर कट शुगरकेन. आय कुक. माय ब्रदर क्राय.' तीनच वाक्यं. 'क्राय'खाली लाल रेघ, वर 'क्राइज'. दुरुस्ती बरोबर आहे, हवीच. पण शेरा तेवढ्यावर संपला. भाऊ का रडतो, हे वहीत कुणी विचारलं नाही. अख्ख्या गठ्ठ्यात इंग्रजी भाषेत काहीतरी खरं सांगणारी तेवढीच एक पोरगी होती, आणि तिला दहापैकी दोन. डॉक्टरचं खोटं पोर आठ घेऊन पुढं.

ऊसतोडीचं गणित शहरातल्या मित्रांना सांगायला हवं. या जिल्ह्यात प्रवरानगरला विठ्ठलराव विख्यांनी सहकारी साखर कारखाना काढला, पन्नाससालच्या सुमाराला, आणि पुढं जिल्हा कारखान्यांनी भरला. त्या चिमण्या पेटतात दिवाळीच्या आगेमागे आणि विझतात मार्च-एप्रिलात. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून, शेजारच्या बीडकडून कोयते निघतात. दलित, भटके, वंजारी. शाळेचं दुसरं सत्र नेमकं तेव्हाच. मागं कुणी ठेवायला नसलं की पोरंही टोळीबरोबर गाडीत बसतात. म्हणजे अशा पोराला इंग्रजीच्या पुस्तकाचा उत्तरार्ध काय असतो ते ठाऊकच नाही. गोष्टीचा शेवट त्यानं कधी वाचलेला नाही. ज्या ऊसाच्या पैशातनं कारखानदारांच्या इंग्रजी शाळा उभ्या राहिल्या, तो ऊस तोडणाऱ्या पोराला 'द एंड' बघायला मिळत नाही.

सरकारचं डोकं बघा. २०२३ साली त्यांनी पाठ्यपुस्तकातच कोरी पानं घातली. दप्तराचं ओझं कमी म्हणे, गरिबाचा वहीचा खर्च वाचेल म्हणे. २०२५ साली तीच पानं काढून टाकली. घातली तेव्हा हुकूम, काढली तेव्हा हुकूम. मधल्या दोन वर्षांत त्या कोऱ्या पानावर पोरांनी स्वतःचं काय लिहिलं, हा सवाल कुठल्या हुकमात आला नाही. आपली पोरं म्हणजेच त्यांच्या लेखी कोरी पानं. घालायची, काढायची.

आणि कादंबरी? तिसरी वस्तू, जी मी पहिली सांगितली होती. मराठी माध्यमाच्या पोराला सहावी-सातवी-आठवीत अख्खी इंग्रजी गोष्टसुद्धा मुश्किलीनं मिळते, कादंबरी तर सोडाच. मिळतो तो उतारा. 'खालील उतारा वाचा व प्रश्नांची उत्तरे लिहा.' प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा, त्याच्या आजूबाजूची ओळ उचलायची, उत्तरात डकवायची. वाचावं लागतच नाही. राज्याच्या बारावीच्या इंग्रजीत २०२० साली कादंबरी हा प्रकार आला. तिथं ब्रेथवेटच्या १९५९ च्या 'टू सर, विथ लव्ह'मधला उतारा होता. लंडनच्या गरीब वस्तीत गोऱ्या पोरांना शिकवणारा काळा मास्तर! आपल्या पोरांना हे सातवीत हवं होतं, आख्खं हवं होतं. ते बारावीत, तुकड्यानं. आणि बारावीपर्यंत आपली किती पोरं टिकतात ते वस्तीत येऊन मोजा.

उतारा हा शब्दच मोठा नामी आहे. त्यांच्याकडं सातबाऱ्याचा उतारा, आपल्याकडं इंग्रजीचा उतारा. त्यांच्या उताऱ्यावर जमीन चढते. आपल्या उताऱ्यावर दोन मार्क. आणि गावात आणखी एक उतारा असतो. कुणाला बाधा झाली की ओवाळून तिकाटण्यावर टाकतात तो भात. तसाच हा पाठ्यपुस्तकातला उतारा. सरकारनं समतेची बाधा झाल्यासारखं केलं, आपल्यावरून ओवाळलं आणि टाकून दिलं.

त्यातही दुजाभाव छापील आहे. बालभारती ही संस्था १९६७ ची. तिच्याच छापखान्यातनं इंग्रजी माध्यमाच्या पोरांना 'इंग्लिश बालभारती' जातं आणि मराठी माध्यमाच्या पोरांना 'माय इंग्लिश बुक'. वर्ग तोच, वय तेच, सरकार तेच. इंग्रजी उशिरा भेटलेल्या पोराला सोपं पुस्तक हवं, हे मला कळतं. पण सोपं म्हणजे तुकडे नव्हेत. साध्या भाषेतली अख्खी गोष्ट असते की! सोप्याच्या नावाखाली अपुरं देणं ही जुनी सवय आहे. देवळातसुद्धा आपल्याला पायरीपर्यंतचाच देव 'सोपा' करून दिला होता.

आता कुणीतरी अक्कल शिकवायला येईल, की नगरसारख्या दुष्काळी जिल्ह्यात इंग्रजी कादंबऱ्यांचे लाड कशाला? त्याला याच जिल्ह्याचा इतिहास सांगा. अमेरिकन मिशनची सिंथिया फरार १८३९ साली नगरला आली आणि १८६२ मध्ये मरेपर्यंत इथं मुलींच्या शाळा चालवत राहिली. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण फरारबाईंकडं नगरला घेतलं असं चरित्रकार सांगतात. त्याच सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'तून शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकायचा धोशा लावला. १९४४ साली नगरच्या किल्ल्यात कैदेत बसून नेहरूंनी 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, इंग्रजीत. आणि याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचे दया पवार. त्यांचं 'बलुतं' १९७८ चं. २०१५ साली जेरी पिंटोंनी ते इंग्रजीत नेलं. म्हणजे धामणगावचा म्हारवाडा इंग्रजीत पोचला. धामणगावच्या पोराची इंग्रजी अजून उताऱ्यात अडकलीय.

जोतिरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढं निवेदन दिलं, तेही इंग्रजीत. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर उधळता आणि खालच्यांना साधी अक्षरओळख देत नाही, हा त्यांचा मुद्दा. तो आजही तसाच लागू पडतो, फक्त अक्षराच्या जागी इंग्रजी घाला. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात पाचवी-सहावी-सातवीतनं इंग्रजी काढली, आठवीपासून ठेवली. पुढं ती पाचवीला आली, २००० साली पहिलीपासून आली. मातृभाषेचे गोडवे गाणाऱ्यांची पोरं या सगळ्या काळात होती कुठं? कॉन्व्हेंटात. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर सरकारनं जाहीर केलं, की एक किलोमीटरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेनं पंचवीस टक्क्यांच्या गरिबांच्या जागा द्यायला नकोत. म्हणजे तुमची वेस तिकडं, आमची वेस इकडं. जुलैत मुंबई हायकोर्टानं तो बदल रद्द केला. कोर्टाला जी वेस दिसली ती मंत्रालयाला दिसली नाही? दिसली. म्हणूनच आखली.

२०२५ साली पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर सगळा महाराष्ट्र पेटला, सरकारला जूनअखेर हुकूम मागं घ्यावे लागले. चांगलं झालं. पण मराठीच्या नावानं छाती पिटणाऱ्यांपैकी एक तरी माणूस या वह्या वाचायला आला का? ज्या पोराला मराठीतसुद्धा स्वतःचं वाक्य लिहू दिलं जात नाही, त्याची कुठली भाषा धोक्यात आहे? २०२४ साली जिल्ह्याचं नाव अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. पाट्या बदलल्या. फळ्यावरची 'गाळलेल्या जागा भरा' ही पाटी तशीच.

आता आपल्यातल्यांनाही दोन शब्द. वस्तीवस्तीत इंग्लिश मीडियमच्या पाट्या लागल्यात. गळ्यात टाय, पायात बूट, आई कर्ज काढून फी भरते. टाय लावला म्हणजे भाषा आली असं समजू नका. तिथंही तोच घोकंपट्टीचा घाणा, फक्त कविता हातवारे करून म्हणतात. आणि उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीकडच्या बांका गावात २०१० साली इंग्रजी देवीचं देऊळ उभं करायला घेतलं, त्याचं आपल्यातल्या काहींना अजून कौतुक आहे. त्यामागची भूक मला कळते. पण १९५६ साली दीक्षाभूमीवर देव सोडले ते नवी देवी बसवायला नाही. इंग्रजीला हात जोडायचे नाहीत, हातात घ्यायची. बाबासाहेबांनी 'मूकनायक' मराठीत काढला आणि १९३६ साली जातिनिर्मूलनाचं भाषण इंग्रजीत लिहिलं. लाहोरच्या मंडळानं ते नाकारलं तेव्हा स्वतः छापून जगापुढं फेकलं. त्यांच्या हातात दोन्ही भाषा होत्या. गुडघे कुठल्याच भाषेपुढं टेकले नाहीत.

म्हणून मागणी. भीक नव्हे, हक्काचा वाटा.

सहावी ते आठवी, दर वर्षी एक अख्खं पुस्तक. उतारा नको. सुरुवात घरातून करा: बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. छोटेखानी, साध्या वाक्यांचं. नऊ वर्षांचा पोरगा भाऊ आणि भाच्यांबरोबर बापाला भेटायला कोरेगावला निघतो, मसूरच्या स्टेशनावर उतरतो आणि जात कळल्यावर गाडीवान गाडी हाकायला तयार होत नाही. भूतकाळ शिकवायला यापेक्षा चांगला धडा कुठला? पुढच्या वर्षी मिल्ड्रेड टेलरची १९७६ ची 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' द्या. मिसिसिपीतल्या काळ्या पोरांची कादंबरी. गोऱ्यांच्या शाळेनं वापरून जीर्ण झालेली पुस्तकं काळ्यांच्या शाळेत येतात. आतल्या तक्त्यात पुस्तकाची अवस्था आणि वापरणाऱ्याचा वंश लिहिलेला. ते वाचून एक चिमुरडा पुस्तक जमिनीवर आपटतो. १९७२ साली मुंबईत ज्यांनी काळ्या पँथरांचं नाव घेतलं, त्यांच्या नातवंडांना हे पुस्तक परकं वाटणार नाही.

रोज एक वाक्य स्वतःचं. चुकू दे. चूक दुरुस्त करा, पण आधी वाचा. भाऊ का रडतो ते विचारा, मग 'क्राइज' लिहा. गाईडातल्या डॉक्टरला शून्य.

व्याकरण कर्त्यापासून. रोजच्या पेपरातली एक बातमी फळ्यावर लिहा आणि पोरांना कर्ता हुडकायला लावा. सापडला नाही तर का सापडला नाही, त्यावर तास घ्या.

आणि ऊसाच्या फडावर पुस्तकाचा उत्तरार्ध पोचला पाहिजे. कोयता पोचतो, मुकादमाची उचल पोचते, मोळ्या मोजणारा पोचतो. मग पुस्तक का पोचत नाही?

हे सरकार देईपर्यंत वाट बघायची नाही. ज्यांना इंग्रजी आलीय त्या पोरापोरींनी, म्हणजे तुम्ही, कॉलेजात बसून हे पान वाचणाऱ्यांनी, आठवड्याला दोन संध्याकाळी वस्तीत द्या. चौकात पुतळ्याला हार घालायला शंभर जण येतात. त्याच पुतळ्याच्या हातातलं पुस्तक उघडायला पाच जण आले तरी अभ्यासिका चालते. वह्या मागवून घ्या, वाचा. डॉक्टर बापावर काट मारा. पोरीला म्हणा, बाई, तुझा खरा बाप लिही, तो काय करतो ते लिही, त्याच्याकडनं ते कोण करवून घेतं तेही लिही. कर्ता गाळू नकोस.

जय भीम.